काचेपलीकडचा आवाज

आमच्या भावजयीला दोन आवाज आहेत. एक घरातला आणि एक कामावरचा. घरातला ऐकण्यासाठी घरात यावं लागत नाही, जिन्यात उभं राहिलं तरी भागतं. पलंगावर ओला टॉवेल दिसला, बाथरूमचा दिवा चालू राहिला, कुणी नळ नीट बंद केला नाही, की तो आवाज सुरू होतो आणि गुन्हेगार सापडेपर्यंत थांबत नाही. गुन्हेगार बहुतेक वेळा मीच असते. आणि मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. मग आमची जी जुंपते, ती शेजाऱ्यांनी टीव्ही बारीक करून ऐकावी अशी. आमचे बंधुराज अशा वेळी वर्तमानपत्र थोडं वर धरतात. ते लिफ्ट दुरुस्त करतात. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं तर धडपडायचं नाही, वाट बघायची, हे धंद्यातलं शहाणपण ते घरातही वापरतात.

मी बंधुराजांची थोरली बहीण, म्हणजे तिची नणंद. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. आधी ट्रंक कॉल जोडले, पुढे चौकशीच्या नंबरावर बसले. कानांवर जगले म्हणा ना. नुसत्या 'हॅलो'वरून सांगायचे, की हा माणूस घाईत आहे, हा थापा मारतोय, हिच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरातली मागची खोली मला मिळाली. स्वयंपाकघर एकच, त्यामुळे भांडायला जागा शोधावी लागत नाही.

तिचा कामावरचा आवाज मात्र मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हता. एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून मी तो द्यायला गेले. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिथे चादरी धुतात त्या खोल्यांना लागून तिचा विभाग आहे. बाहेर सदैव वाफेचा आणि साबणाचा वास. तिथे एमआरआयचं मशीन आहे, पण ते आजाऱ्यांसाठी नाही, संशोधनासाठी आहे. वय वाढलं की मेंदू कसा बदलतो, आठवणी कुठे साठतात, कुठून गळतात, याचा तिथल्या डॉक्टरीणबाई कित्येक वर्षं अभ्यास करतायत. त्यासाठी धडधाकट माणसं आपण होऊन येतात, आपल्या मेंदूची चित्रं काढू देतात आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा येतात. ती चित्रं काढणारी तंत्रज्ञ म्हणजे आमची भावजय. येणारी माणसं तिला प्रेमाने 'हलूनकाबाई' म्हणतात.

कारण सगळी गोम न हलण्यातच आहे. मशीन म्हणजे एक भलंमोठं चुंबक, मधे आडवं भोक. त्यात माणसाला सरकवायचं, डोक्यावर पिंजऱ्यासारखं एक यंत्र बसवायचं, आणि मग ते मशीन असा काही गोंगाट करतं की कुणी पत्र्याच्या डब्यावर हातोडा चालवतंय असं वाटावं. त्या गोंगाटात माणसाने खांबासारखं पडून राहायचं. आवंढा गिळला तरी डोकं हलतं, पायाची अढी घातली तरी डोकं हलतं. आणि हललं की चित्र पुसट, सगळी मेहनत पाण्यात.

मी गेले तेव्हा दाराएवढा रुंद एक ट्रक ड्रायव्हर त्या भोकासमोर बसून घाम पुसत होता. त्याला म्हणे आत जीव गुदमरेल. आमच्या घरी अशा वेळी काय ऐकू आलं असतं, ते मला माहीत होतं. पण एक बाई त्याला म्हणाली, "डोळे आत गेल्यावर नाही मिटायचे, इथे बाहेरच मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांना खोली लहान की मोठी, काही कळत नाही." मी वळून पाहिलं, हे कोण बोलतंय. आमचीच होती! आवाज मऊ नव्हता, गोड तर मुळीच नव्हता. एकसारखा होता. जमिनीला लागलेल्या पायासारखा. तो गडी डोळे मिटून आत गेला. मशीनच्या खोलीला जी काच आहे, तिच्या अलीकडे पडद्यांसमोर बसून तिने माइकचं बटण दाबलं आणि प्रत्येक गोंगाटाच्या शेवटी तेच म्हणत राहिली, "छान. अगदी छान. अजून थोडंच राहिलंय." बोलून झालं की बोट लगेच बटणावरून वर, म्हणजे इकडचं काही आत ऐकू जाऊ नये. बाहेर आल्यावर तो ड्रायव्हर तिच्या पाया पडायच्या बेतात होता.

मी घरी आल्यावर विचारलं, "अगं, हा आवाज घरी का नाही आणत कधी?"

"घरी कोण स्थिर पडून राहतं?" ती म्हणाली आणि माझ्या हातातला ओला टॉवेल ओढून घेतला.

पण त्या एकसारख्या आवाजामागे एक गोष्ट होती, ती तिने मला पुढे कधीतरी भाजी निवडताना सांगितली. नोकरीला लागल्या लागल्या एका बस कंडक्टरचं चित्र काढताना तिला पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला. ती दचकली आणि तिचं 'छान' घशात अडकलं. एवढंच झालं. पण आत पडलेल्या माणसाला त्या काचेपलीकडून फक्त आवाजच पोचत असतो, तो जिवाचे कान करून ऐकत असतो. कंडक्टर घाबरला, मदत मागायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला, बाहेर आला आणि डॉक्टरांना भेटायच्या आतच निघून गेला. फोन घेईना, पत्राला उत्तर देईना. तो ठिपका अगदी निरुपद्रवी होता, कधीकाळच्या माराचा वण. पण ते त्याच्या कानावर जाईपर्यंत त्या बिचाऱ्याने कित्येक महिने मरणाची वाट बघितली.

"तेव्हापासून कानाला खडा लावला," ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही. मला दिसतं, पण त्याचा अर्थ सांगायचा हक्क माझा नाही. मग माझ्या आवाजाने तरी का सांगावं? आत चित्र कसंही येवो, चांगलं, वाईट, माझं 'छान' तेच."

मला ते ऐकून तिचा फार अभिमान वाटला. तोंडावर अर्थात म्हटलं नाही. भाजीत अळी राहिलीय एवढंच दाखवून दिलं.

पुढे एकदा ती कुरकुरत घरी आली, साठीपुढची निरोगी माणसं मिळत नाहीत म्हणून. मी म्हटलं, "मी काय मेलेय का?" माझी स्मरणशक्ती अजून धारदार आहे, हे जगाला दाखवायची हौस मला होतीच. तिने घरच्या माणसाला घेतलं तर चालेल का, हे डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांची हरकत नव्हती, आठवणीच्या चाचणीची उत्तरं कॉम्प्युटरच नोंदवणार होता. मी खुशीत गेले. अंगावर धातूचं काही नाही ना, असं तिने तीनतीनदा विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हटलं. तिने माझ्या अंबाड्यात बोटं घातली आणि एक पिन काढून माझ्या नाकासमोर धरली.

"ही कुणाची, ताई?"

"ती किती दिवसांची आत होती कुणास ठाऊक," मी म्हटलं. तिने पिन ट्रेमध्ये टाकली. घरी असतो तर या पिनेवर आठवडाभर भाषण झालं असतं.

मग कानात बोळे, त्यावर हेडफोन, गुडघ्यांखाली उशी, अंगावर पांघरूण, डोक्यावर तो पिंजरा. पिंजऱ्यात डोळ्यांसमोर एक तिरपा आरसा असतो, त्यात पडदा दिसतो. पडद्यावर चेहरे येत होते, आधी बघितलेला असेल तर एक बटण दाबायचं, नवा असेल तर दुसरं. मी डोळे मिटले नाहीत, चेहरेच इतके मजेशीर होते. मध्ये मध्ये तिचा आवाज यायचा, "छान, ताई. अगदी छान. अजून थोडंच राहिलंय." मी गंमत म्हणून तो आवाज तपासत होते, जुनी खोड. काही कमीजास्त सापडतं का ते बघत होते. पहिल्या 'छान'पासून शेवटच्यापर्यंत तसूभर फरक नाही. बाहेर आले, तिने मला उठून बसवलं, मोजे पायात घालायला दिले. मी बढाई मारत राहिले की एकही चेहरा चुकला नसेल. ती हं हं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि खिडकीशी उभी राहून खालच्या रस्त्यावरचा एक वाद ऐकत बसले. दूध उतू गेलं. शेगडीवर, ओट्यावर, खाली फरशीपर्यंत. आमच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही. ती स्वयंपाकघरात आली. मी पवित्रा घेतला. बंधुराजांनी वर्तमानपत्र वर केलं.

तिने फडकं घेतलं, ओटा पुसला आणि म्हणाली, "असू दे, ताई. काही झालं नाही. छान."

तो आवाज घरातला नव्हता. काचेपलीकडचा होता, जसाच्या तसा. मशीनमध्ये जे मला शोधून सापडलं नव्हतं, ते तिने माझ्याच ओट्यावर आणून ठेवलं होतं. आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता, ती फडकं पिळत होती.

मी म्हटलं, "अगं, तू मला ओरडली नाहीस."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण हातातलं फडकं पिळून पिळून कोरडं झालं होतं. "डॉक्टरीणबाईंचा फोन येईल तुम्हाला," ती म्हणाली. "त्या बोलतील."

बाकी कुणी असतं तर मी धारेवर धरलं असतं. सांग, आत्ताच्या आत्ता सांग. शब्द तोंडाशी आले होते. पण मला तो कंडक्टर आठवला आणि तिचं ते घशात अडकलेलं 'छान' आठवलं. मी विचारलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "चहा टाक." तिने टाकला. साखर घालायला विसरली, मी तसाच प्यायले.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगवटा आला होता. भिंत तिथे पातळ झालेली. त्रास आज काहीच नाही, पण फुटला तर वाचण्याची खात्री नाही. आधी कळलं, हे माझं नशीब. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची आणि त्या फुगवट्यात मऊ तारेचं वेटोळं बसवून तो आतून बंद करायचा. बाई सगळं नीट, न घाबरवता सांगत होत्या. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता एकच गोष्ट विचारली. "माझ्या भावजयीला हे कधी कळलं?"

"तुम्ही आत असतानाच," त्या म्हणाल्या. "तिने मला फोन करून बोलावून घेतलं. मी तिच्या शेजारीच उभी होते. डाव्या हाताने तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. आणि उजव्या हाताने बटण दाबून ती तुम्हाला 'छान' म्हणत होती. मी इतकी वर्षं या कामात आहे, मला जमलं नसतं."

फुगवट्याचं ऐकून मला रडू आलं नव्हतं. हे ऐकून आलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज पारखले, पण असा आवाज कुणाचा ऐकला नव्हता. ज्या बाईशी मी टॉवेलवरून भांडते, तिने माझं मरण डोळ्यांनी बघत मला शांतपणे पडून राहू दिलं. का, तर मी हलले असते, चित्र बिघडलं असतं, डॉक्टरांना नीट दिसलं नसतं. आणि रात्रभर, जेवताना, भांडी आवरताना, नवऱ्याशीही ती चकार शब्द बोलली नव्हती. माझ्या नोकरीत आम्ही दुसऱ्यांची बोलणी पोटात ठेवायचो, पण ती परक्यांची असत. घरच्यांची ठेवणं काय असतं ते तिला विचारा.

उपचार पार पडले. चार दिवस हॉस्पिटलात, मग घरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही महिन्यांनी पुन्हा चित्र काढून बघू. कधी कधी रक्त त्या तारेतून वाट काढतं आणि फुगवटा पुन्हा भरतो. तसं झालं तर डोकं उघडावं लागेल, आणि माझ्या वयाला तो प्रकार जड. तेव्हा सगळं त्या एका चित्रावर येऊन ठेपलं होतं.

मधले ते महिने मात्र मला त्या फुगवट्यापेक्षा भारी गेले. कारण भावजय घरात त्याच आवाजात बोलायला लागली. काहीही करा, 'असू दे, ताई.' मी ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला. तिने उचलून वाळत घातला. टीव्ही मोठ्याने लावला. तिने दार हळूच ओढून घेतलं. बाथरूमचा दिवा दिवसभर चालू ठेवला, तर येता जाता बंद करून गेली. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. बंधुराज बिचारे वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बसायचे, वर धरायला कारणच उरलं नव्हतं.

एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं, मला एकदा तरी शिव्या दे. मला मेल्यासारखं वाटतं."

तिचे डोळे भरून आले. "नाही येत, ताई," ती म्हणाली. "तोंड उघडलं की तोच आवाज येतो. मी काय करू?" तेव्हा मला कळलं, ती माझी समजूत घालत नव्हती. ती अजून त्या काचेमागेच बसली होती, टेबलाची कड धरून, आणि माझं पुढचं चित्र येईपर्यंत तिला तिथून उठता येत नव्हतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आमच्यात तसली पद्धत नाही, दोघीही अवघडलो.

तपासणीचा दिवस आला. आमच्या मशीनवर सापडलंय, आमच्याच मशीनवर बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोक्यात बसवलेली तार चुंबकाला जुमानत नाही, याची खात्री आधीच करून घेतली होती. या वेळी अंबाड्यात पिन नव्हती, मी घरूनच केस सोडून गेले होते. भावजयीने तरी बोटं फिरवून बघितलं. पिंजरा बसवला, रबरी फुगा हातात दिला. मी डोळे बाहेरच मिटले.

गोंगाट सुरू झाला, थांबला. "छान, ताई. अगदी छान. अजून थोडंच राहिलंय." पुन्हा गोंगाट, पुन्हा तेच. मी कान लावले नाहीत. लावून काही कळणार नव्हतं, आणि तिच्याकडून चोरून काही काढून घ्यायचं नव्हतं मला. मग शेवटचा गोंगाट थांबला. आता 'छान' यायला हवं होतं. आलं नाही.

काहीच आलं नाही. नुसती शांतता. मी हातातला फुगा घट्ट धरला, पण दाबला नाही. मनात म्हटलं, भरला असेल पुन्हा, आणि या वेळी तिच्याच्याने बोलवत नसेल. तिला हे दुसऱ्यांदा बघावं लागतंय, याचंच जास्त वाईट वाटलं.

खट् असा आवाज झाला. बटण दाबलं गेलं.

"ताई! पाय हलवलात ना शेवटी? मला इथून दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? इतका वेळ नीट पडून राहायचं आणि शेवटाला पाय हलवायचा! आणि आज सकाळी दूध कुणी उतू घालवलं? फडकं टाकून झाकून ठेवलं म्हणजे मला कळणार नाही? शेगडी काय आपोआप पुसली जाते? बाथरूमचा दिवा तर..."

घरातला आवाज! सगळा, खालच्या जिन्यापर्यंत पोचणारा. हेडफोनमध्ये कान फुटायची पाळी. तिच्यामागून डॉक्टरीणबाईंचं हसणं ऐकू येत होतं. म्हणजे त्यांनी बघितलं होतं, आणि तिला बोलायची मोकळीक दिली होती. फुगवटा पूर्ण बंद आहे, हे बाईंनी मागाहून माझ्याजवळ येऊन रीतसर सांगितलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. मला ते आधीच, ती दुधावरून ओरडली तेव्हाच कळलं होतं.

पण ते नंतर. तेव्हा मी आतच होते, आणि ती बोलता बोलता एकदम थांबली. बटण मात्र सुटलं नाही. इतकी वर्षं, बोलून झालं की जिचं बोट लगेच वर उचललं जायचं, त्या बाईचं बोट तिथेच राहिलं, आणि मला ती रडताना ऐकू आली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी. आपलं रडणं आत पोचतंय, हे तिच्या गावीही नव्हतं. मी अजिबात हलले नाही. तिला सगळं रडून घेऊ दिलं.

आत माणसाच्या तोंडाजवळही एक माइक असतो. जरा वेळाने मी त्यात बोलले. तिच्याच आवाजात, एकसारखं, जमेल तेवढं न थरथरता.

"छान," मी म्हटलं. "अगदी छान. अजून थोडंच राहिलंय."

हुंदका मध्येच तुटला. नाक ओढल्याचा आवाज आला.

"नक्कल करू नका माझी," ती ओरडली.